तुम्ही विचारलंत म्हणून: हरणांसाठी टाकलेल्या गाजरांविषयी

"तुम्ही मांस खात नाही. शिकारीला मात्र तुमची हरकत नाही. आणि शिकाऱ्याने चार गाजरं टाकली की हरकत! हे कसं काय?"

हा प्रश्न मला पुण्याच्या नणंदेने फोनवर विचारला, इथे गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असताना विचारला गेला, आणि आमच्या शेजाऱ्यांनी तर कुंपणापलीकडून अनेकदा विचारला. दरवेळी हातात काहीतरी काम असायचं आणि उत्तर अर्धवट राहायचं. म्हणून आज नीट सांगते.

मी मिशिगनमध्ये राहते, लॅन्सिंगला लागून असलेल्या मेरिडियन टाउनशिपमध्ये. ओकेमॉस म्हटलं की इकडच्या मराठी घरांना लगेच कळतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय जवळजवळ मिटला, त्यामुळे शिकार कशी करावी यावर विधिमंडळात भांडण होतं हे ऐकूनच तिकडच्या माणसाला धक्का बसतो. इथे 15 नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो, आणि कित्येक गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. राज्याच्या या दक्षिण भागातून, म्हणजे लोअर पेनिन्सुलातून, लांडगे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपवले गेले. हरणं उरली, आणि वाढली. राज्यात वर्षाला 50,000 पेक्षा जास्त वेळा गाडी आणि हरीण यांची टक्कर होते. त्यातली एक आमची होती. पहाटेच्या अंधारात यांनी ब्रेक दाबला तरी ते पाडस वाचलं नाही, आणि ते तडफडताना आम्ही रस्त्याच्या कडेला काही न करता उभे होतो. तेव्हापासून एका गोळीत पडलेल्या हरणाबद्दल मी वेगळा विचार करते. लांडग्याची जागा कोणीतरी घ्यायला हवी हे मला पटलेलं आहे.

वाद आहे तो आमिषाचा. शरद ऋतू आला की इथल्या पेट्रोल पंपांबाहेर पोती रचलेली दिसतात: गाजरं, साखरेचे बीट, सफरचंदं, मका. जंगलात मोकळ्या जागी ढीग घालायचा आणि बंदूक किंवा धनुष्य घेऊन लपणात बसायचं. हरीण खायला येतं, मान खाली घालून स्थिर उभं राहतं. 2019 पासून लोअर पेनिन्सुलामध्ये याला बंदी आहे. अपंग शिकाऱ्यांना त्यांच्या ठरावीक दिवसांत तेवढी सूट आहे. बंदी उठवायचं विधेयक विधिमंडळाने मंजूरही केलं होतं, पण 2020 मध्ये गव्हर्नर ग्रेचन व्हिटमर यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्यानंतरही असे प्रस्ताव येत राहिले, आणि दरवेळी गावात दोन तट पडतात.

आता माझं सांगते, कारण माझं मत पुस्तकातून आलेलं नाही.

साताऱ्याला आमची आजी पहिली पोळी गाईची म्हणून बाजूला काढायची. इथे गाय कुठली? पण परसदारी हरणं यायची. मी पोळीचा तुकडा, गाजराची डेखं, सफरचंदाच्या साली मागच्या झाडाखाली ठेवायला लागले. मनात तो गोग्रासच होता. थंडीत साली बर्फाला चिकटून बसायच्या. एक मोठी मादी यायची, ती जिभेने बर्फ चाटून चाटून साल सोडवायची. ती गेली की रस्त्यापलीकडच्या कळपातल्या दोघी पुढे यायच्या. एकदा मी खिडकीतून पाहत होते. पहिलीच्या तोंडातून अर्धं चावलेलं गाजर गळलं, लाळेचा दोरा लोंबत होता. ती पुढच्या तुकड्याकडे वळली आणि दुसरीने तेच गाजर उचललं. मला किती गोड वाटलं होतं! मुलाला हाक मारून दाखवलं होतं.

2015 च्या वसंतात आमच्याच टाउनशिपमध्ये एक आजारी मादी घरांच्या आसपास भरकटत फिरताना लोकांना दिसली. तपासणी झाली. मिशिगनच्या मोकळ्या रानातल्या हरणात सापडलेली क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची ती पहिली केस. आमच्या आणि लगतच्या काउंट्यांमध्ये हरणांना खायला घालायला बंदी आली, शिकाऱ्यांना आणि माझ्यासारख्यांनाही.

हा आजार जिवाणूचा नाही, विषाणूचाही नाही. प्रायॉन नावाचं एक वेडंवाकडं दुमडलेलं प्रथिन मेंदूत शिरतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तसंच वाकडं करत जातं. कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला कोंडून ठेवलेल्या हरणांमध्ये 1967 मध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. औषध नाही, लस नाही, लागण झालेलं जनावर वाचत नाही. वर्ष-दीड वर्ष ते धडधाकट दिसतं, मग झिजायला लागतं, मान खाली पडते, लाळ गळते. आणि धडधाकट दिसण्याच्या त्या काळातही लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून प्रायॉन बाहेर पडत असतो. तो मातीला चिकटून वर्षानुवर्षं टिकतो. शिजवून मरत नाही. माणसाला त्याची लागण झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असंच सरकारी आरोग्य यंत्रणा सांगते.

त्या मादीने माझ्या झाडाखाली कधी खाल्लं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी मला एक शब्द आठवला, जो इंग्रजीत मला आजतागायत सापडलेला नाही: उष्टं. आजीच्या घरात एकाच्या ताटातला घास दुसऱ्याच्या ताटात जायचा नाही. आम्ही तिला जुन्या वळणाची म्हणायचो. आणि मी इथे सगळ्या वस्तीच्या हरणांना रोज एकाच ताटात, एकमेकांचं उष्टं वाढत होते. आमिषाचा ढीग म्हणजे तेच ताट. फक्त मोठं.

हरणं एरवीही एकमेकांना चाटतात, एकत्र चरतात, हे खरं आहे. शेजारी नेहमी हेच म्हणतात. पण ते आपल्या कळपात. रानातली पानं, कोंब, डहाळ्या विखुरलेल्या असतात. एक तुकडा तोडून हरीण चार पावलं पुढे जातं. ढिगापाशी एरवी परस्परांपासून लांब राहणारे कळप रोज त्याच दोन हात जागेत तोंड घालतात, त्याच मातीवर लाळ गाळतात. जेव्हा आमिष कायदेशीर होतं तेव्हा नियम होता की दोन गॅलन, म्हणजे साधारण साडेसात लिटरची बादली, एवढंच टाकायचं आणि दहा फूट बाय दहा फूट जागेत पसरायचं. एका बादलीपुरता नियम समंजस आहे. पण त्याच जागी रोज एक बादली, महिनाभर?

आणि मिशिगनला हा धडा एकदा मिळालेला होता. ईशान्येकडच्या अल्पिना काउंटीत 1994 मध्ये शिकार झालेल्या एका हरणात गाईगुरांचा क्षयरोग सापडला. त्या भागात हिवाळ्यात हरणं जगावीत आणि वाढावीत म्हणून ट्रकच्या ट्रक बीट, गाजरं ओतली जायची. थंडीत त्या खाद्यावर क्षयाचे जंतू आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. 1998 मध्ये तो गुरांच्या गोठ्यात पोचला, आणि 2000 मध्ये राज्याचा क्षयमुक्त दर्जा गेला. ज्यांनी कधी हरणाला गाजर टाकलं नव्हतं अशा दूधवाल्या शेतकऱ्यांना आपली गुरं पुन्हा पुन्हा तपासून घ्यावी लागली. ढीग टाकणारा एक, भोगणारा दुसरा. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

आता शेजाऱ्यांची बाजू, कारण ती ऐकल्याशिवाय या विषयावर बोलू नये असं मला वाटतं. ते मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. दोन्ही गुडघे गेलेले. स्वतःची जमीन म्हणजे घरामागचा तुकडा, म्हणून ते सरकारी रानात शिकारीला जातात. ते मला म्हणाले, "ज्याच्याकडे ऐंशी एकर आहेत तो हरणांसाठी क्लोव्हर आणि सलगम पेरतो, त्याच्या कडेला मचाण बांधतो, आणि तो कायद्यात बसतो. माझी एक बादली गाजरं मात्र गुन्हा."

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पेरलेलं शेत पसरलेलं असतं, तिथे तोंडाला तोंड तेवढं लागत नाही, हा फरक खरा आहे. पण मुद्दाम हरणांसाठी लावलेल्या छोट्याशा तुकड्यात तो फरक कितीसा उरतो? त्या तुकड्यांवरही मर्यादा हवी असं मी आमच्या प्रतिनिधीला लिहिलं आहे. जमीनवाल्याला एक नियम आणि बिनजमीनवाल्याला दुसरा, हे कोणालाही लागेल.

त्यांचं दुसरं म्हणणं असं की ढिगापाशी हरीण आडवं, स्थिर उभं राहतं, त्यामुळे नेम चुकत नाही, जनावर जखमी होऊन पळत नाही. रस्त्यावरचं ते पाडस पाहिल्यापासून हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण जुने शिकारीच सांगतात की आठवडाभर ढिगापाशी माणसाचा वास आला की शहाणी हरणं रात्रीच यायला लागतात. मग शिकाऱ्याला दिवसा हरीण नाही, आणि उष्ट्याची पंगत मात्र रात्रभर चालू.

"नाहीतरी बंदी कोण पाळतं?" हेही ऐकते. बंदी असतानाही पोती विकली जातात, ते मी रोज पाहते. म्हणून ती उठवावी हे मला पटत नाही. 1996 मध्ये इथल्या मतदारांनीच ठरवलं की शिकारीचे नियम शास्त्राच्या आधारावर नैसर्गिक संसाधन आयोगाने करावेत. मोठ्या हंगामाआधी विधिमंडळाने ते मतांच्या हिशोबाने बदलायचे, हे मतदारांनी सांगितलेलं नव्हतं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात 2002 मध्ये हा प्रायॉनचा आजार सापडला. आज तिथल्या नैर्ऋत्य भागात काही ठिकाणी तीन प्रौढ नरांमागे एकाला तो आहे. एकदा माती बाटली की कोणत्याही विधेयकाने ती धुता येत नाही.

प्रतिनिधीला पत्र पाठवण्याआधीच मी शेजाऱ्यांना सांगितलं होतं की मी तुमच्या विरोधात लिहिते आहे. त्यांनी त्यांचंही पत्र पाठवलं. मग मी विचारलं की खरी अडचण कुठे आहे. ते म्हणाले, हरीण दिसत नाही असं नाही. रस्त्यापासून लांब पडलं तर ओढून आणता येत नाही, म्हणून रस्त्याजवळ बोलवावं लागतं.

गेल्या नोव्हेंबरात त्यांनी दुपारी फोन केला. मी आणि मुलगा नारिंगी जाकिटं घालून गेलो. ओकच्या रानात, रस्त्यापासून चांगलंच आत, एक मादी पडली होती. तिच्या तोंडात अजून एकोर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, चुरा होता. प्लास्टिकच्या घसरगाडीला दोरी बांधून आम्ही तिला ओढत आणलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही, आणि त्यांनीही टोपी काढली.

डोकं तपासणीला द्यायचं असतं, कारण घशाच्या मागच्या गाठींत तो आजार सापडतो. केंद्रावर मुलाने अर्ज भरला आणि टॅग नंबर माझ्या फोनमध्ये ठेवला, कारण शेजाऱ्यांना तसलं काही बघता येत नाही. निकाल येईपर्यंत त्यांनी मांस फ्रीझरमध्ये ठेवलं, उघडलं नाही. एका सकाळी मी तो नंबर टाकला, कुंपणापाशी गेले आणि वाचून दाखवलं: आढळला नाही.

ते म्हणाले, "बरं झालं." आणि आत जाऊन त्यांनी फ्रीझर उघडला.