दातांगशान: नाकं बघत फिरलेला एक दिवस

बीजिंगच्या उत्तरेला चांगपिंग जिल्हा आहे. पर्यटक तिकडे मिंग राजांच्या समाध्या बघायला जातात. मी गेलो दातांगशानच्या पायथ्याशी, चीनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात. मेट्रोच्या ५ नंबर लाइनने उत्तरेच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत, म्हणजे तियानतोंगयुआन नॉर्थला जायचं आणि पुढे टॅक्सी करायची. टॅक्सीवाल्याला फोनवर विमानाचं चित्र दाखवलं, त्याने मान डोलावली. भाषेचा प्रश्न तिथेच मिटला.

हे संग्रहालय ११ नोव्हेंबर १९८९ ला, चिनी हवाई दलाच्या चाळिसाव्या वाढदिवशी उघडलं. त्याचा एक भाग डोंगराच्या पोटात आहे. शीतयुद्धाच्या काळात शेजारच्या शाहे तळावरची विमानं लपवायला बोगदा खोदला होता, त्यातच आता विमानं मांडली आहेत. बाहेर उकडत असलं तरी आत स्वेटर आठवतो. पण मला विचाराल तर खरी मजा बाहेरच्या मैदानात आहे, उन्हापावसात रंग विटलेल्या विमानांमध्ये.

मी मूळचा नाशिकचा. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून सोव्हिएत बनावटीची मिग-२१ लढाऊ विमानं शेकड्यांनी बाहेर पडली, त्यामुळे आमच्याकडे विमान म्हटलं की समोर येतं ते मिगच. त्याच मिग-२१ ची चिनी आवृत्ती, जे-७, इथे हाताच्या अंतरावर उभी होती. (चिनी नावांत जे म्हणजे लढाऊ, क्यू म्हणजे जमिनीवर हल्ला करणारं.) मामा ओझरला नोकरी करून निवृत्त झालेत. भारतातलं रोमिंग सिम असलं की चीनमध्येही व्हॉट्सअॅप चालतं, म्हणून लगेच फोटो पाठवला. उत्तर आलं: "नाक बघ. आमच्या सत्त्याहत्तरपेक्षा बारीक आहे. हे चौऱ्याहत्तर रे."

मामांचं बरोबर होतं. आपल्या हवाई दलात मिग-२१ एफ-१३ ला टाइप ७४ म्हणत आणि ओझरला ज्याने सुरुवात झाली त्या एफएलला टाइप ७७. एफएलच्या नाकातला शंकू मोठा, कारण त्यात रडार आहे. चीनला मिळालं ते आधीचं एफ-१३, लहान शंकूचं. १९६१ मध्ये ते बनवायचा परवाना मिळाला खरा, पण तोवर मॉस्को आणि बीजिंगचं बिनसलं होतं. सगळे कागद आलेच नाहीत. जे हाती लागलं त्यावरून शेनयांगच्या कारखान्याने विमान उभं केलं आणि जानेवारी १९६६ मध्ये उडवलं.

मामांच्या त्या मेसेजनंतर मी दिवसभर नुसती नाकं बघत फिरलो.

जे-५ म्हणजे मिग-१७, जे-६ म्हणजे मिग-१९, जे-७ म्हणजे मिग-२१. तिन्हींना समोरून बघा, नाकाच्या जागी भोक. इंजिनाची हवा तिथूनच आत जाते. रचना सुटसुटीत, पण मग मोठं रडार ठेवायचं कुठे? शंकूत मावेल तेवढंच. चिनी अभियंत्यांची पुढची काही दशकं या एका भोकाशी झुंजण्यात गेली असं मला वाटतं. "चीनने सगळं ढापलं" असं म्हणून हात झटकणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही. ढापलं, हे खरंच. पण ढापल्यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे.

पहिला प्रयत्न क्यू-५ चा. नानचांगच्या कारखान्यातले रचनाकार लू श्याओपेंग यांनी जे-६ घेतलं, हवेची तोंडं दोन्ही बाजूंना नेली आणि पुढे टोकदार बंद नाक लावलं. पोटात बॉम्ब ठेवायला जागाही काढली. १९६१ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, पण मूठभर लोकांनी तो कसाबसा धुगधुगत ठेवला आणि ४ जून १९६५ ला विमान उडालं. मौज अशी की एवढा खटाटोप करून मोकळ्या केलेल्या नाकात रडार बहुतेक आवृत्त्यांत बसलंच नाही.

क्यू-५ चा एक किस्सा मात्र अंगावर काटा आणतो. ३० डिसेंबर १९७१ ला यांग ग्वोश्यांग हे वैमानिक पोटाखाली हायड्रोजन बॉम्ब घेऊन चाचणीसाठी उडाले. बॉम्ब सुटेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी सुटेना. शेवटी तो तसाच लटकलेला घेऊन ते तळावर परत उतरले. ७ जानेवारी १९७२ ला तेच पुन्हा गेले आणि तेव्हा तो सुटला. क्यू-५ चं पोट जमिनीच्या किती जवळ असतं ते मी तिथे वाकून बघितलं. त्या लँडिंगची कल्पना करवत नाही.

मग जे-८. माझ्या मते अख्ख्या मैदानातलं सगळ्यात बोलकं विमान हेच. पहिलं जे-८ म्हणजे ताणून मोठं केलेलं जे-७: इंजिनं दोन, पण नाकात तेच भोक. मुख्य रचनाकार ह्वांग झिछियान १९६५ मध्ये कैरोजवळच्या विमान अपघातात गेले. विमान १९६९ मध्ये उडालं, पण आवाजाच्या वेगाजवळ गेलं की थरथरायचं. कारण शोधायला अभियंते कू सोंगफेन यांनी शेपटीजवळ लोकरीचे तुकडे चिकटवले आणि वयाच्या ४८ व्या वर्षी दोन आसनी जेजे-६ मध्ये मागे बसून, जे-८ च्या जवळून उडत, ते तुकडे कसे फडफडतात, म्हणजे तिथली हवा कशी वाहते, ते डोळ्यांनी पाहिलं. पुढे कू यांनीच जे-८-२ केलं. त्यात भोक गेलं, बाजूला चौकोनी तोंडं आली, पुढे लांब काळं नाक. १९८४ मध्ये ते उडालं. त्या नाकात घालायला अमेरिकन रडार येणार होतं, ग्रमन कंपनीशी करारही झाला होता, पण १९८९ मध्ये तियानआनमेन चौकातलं आंदोलन चिरडलं गेल्यावर ते बारगळलं.

जे-७ चं नाक बदलायचा बेतही ग्रमनबरोबरच शिजत होता, तोही तेव्हाच बंद पडला. त्यातूनच पुढे पाकिस्तानचं जेएफ-१७ लढाऊ विमान निघालं. जे-७ ने स्वतः मात्र भोक कधीच सोडलं नाही. पंख बदलले, काच बदलली, आसन बदललं आणि २०१३ पर्यंत विमान बनत राहिलं.

एका कोपऱ्यात केजे-१ उभं आहे, आणि त्याचं नाक तर अमेरिकन. १९४४ मध्ये जपानवर हल्ला करून परतताना अडचणीत आलेली काही अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमानं सोव्हिएत हद्दीत उतरली. स्टालिनने ती परत दिली नाहीत, त्यांवरून तू-४ बनवून घेतलं. त्यातली काही १९५३ मध्ये चीनला दिली. चिन्यांनी एकाची जुनी इंजिनं काढून टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारी टर्बाइन इंजिनं) बसवली, पाठीवर रडारची भलीमोठी थाळी ठेवली आणि जून १९७१ मध्ये टेहळणी विमान म्हणून उडवलं. नवी इंजिनं हलकी, म्हणून ती पुढे लांबवर काढावी लागली, आणि ते सोंडेसारखे लांबट नळे बघून हसू येतं. मूळ सोव्हिएत एआय-२० इंजिनाच्याच घराण्यातली ही. आपल्या हवाई दलाच्या एएन-३२ मालवाहू विमानांवर तीच आहेत, गोव्याच्या दाबोळीवरून उडणाऱ्या नौदलाच्या आयएल-३८ वरही तीच होती. केजे-१ च्या रडारला जमिनीवरच्या गोंधळातून खाली उडणारं विमान वेगळं काढता येईना, म्हणून एकावरच थांबले.

शेवटी जे-१०. हवेचं तोंड हनुवटीखाली, नाक रडारला मोकळं. १९९८ मध्ये ते उडालं तेव्हा नाकाचं कोडं सुटलं होतं, पण मागे जाऊन बघितलं तर शेपटीत इंजिन रशियाचं. स्वतःचं डब्ल्यूएस-१० या विमानात भरवशाने बसवायला आणखी दोन दशकं लागली. हवाई दलातले लोक इंजिनाबद्दल एवढे का बोलतात ते इथे कळतं.

जाणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, सोमवार टाळा आणि खायला काहीतरी बरोबर न्या. बोगद्यात फार वेळ घालवू नका. आधी दोन्ही जे-८ शोधा.