आतून आतून मोज

स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा मी साइटवर होतो. ‘शाळेने मला काय दिले’ यावर सहाशे शब्द लिहा, असं पत्रात म्हटलं होतं. खरं सांगायचं तर माझ्यापुरती शाळा म्हणजे गणिताचे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

मी शेंद्रीचा. सकाळच्या ‘बार्शी लाईट’ने, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेने, बार्शीला शाळेला यायचो. सरही कुर्डुवाडीहून त्याच गाडीने यायचे, पण हे मला आठवीच्या पहिल्या आठवड्यात माहीत नव्हतं. एक दिवस गाडीतून उतरून स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या घोड्यांपाशी रेंगाळलो आणि वर्गात ठोकून दिलं, “सर, गाडी लेट होती.” सरांनी फळा पुसता पुसता विचारलं, “किती मिनिटं?” मी म्हणालो, “वीस.” “असं का? मग मी कोणत्या गाडीने आलो रे?” वर्ग हसला. शिक्षा अशी मिळाली की उद्या येताना दोन रुळांतलं अंतर मोजून आणायचं.

टेप कुणाकडे असणार! मधल्या सुट्टीत आम्ही तिघे फाटकापाशी गेलो आणि माझा करदोटा सोडून रुळांवर आडवा धरला. फाटकवाले मामा ओरडले, “आरं ए पोरांनो, गाडी यायलीय!” घाईत गाठ मारली आणि पळालो. दुसऱ्या दिवशी सरांनी फूटपट्टीवर करदोटा धरला, तर चौतीस इंच भरले. सरांनी कान धरला नाही, नुसतं म्हणाले, “बाहेरून मोजलंस. रुळांतलं अंतर म्हणजे आतून आतून. परत जा.” परत गेलो. तीस इंच. वहीत लिहून घेतलं : अडीच फूट, 762 मिलिमीटर.

मग सुरू झालं ते वर्षभर संपलं नाही. त्रैराशिक असो की सरासरी, सरांची गाडी रुळावरूनच जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही लाईन 1897 साली सुरू केली. पुढे ती 1906 ला पंढरपूरला, 1911 ला निजामाच्या हद्दीतल्या लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोहोचली. कुर्डुवाडी तिचं मुख्यालय. सरकारने ती 1 जानेवारी 1954 ला ताब्यात घेतली. (याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, हे सर आवर्जून सांगत. आम्हाला वाटायचं, थाप असेल. खरं निघालं.)

सगळी गंमत मात्र भाराची होती. सरांनी दोन पोरांच्या खांद्यावर बाकाची फळी ठेवली आणि मधोमध मला बसवलं. दोघे वाकले. मग त्याच फळीखाली सहा जण उभे केले. कुणी वाकलं नाही. “पालखीचं हेच असतं,” सर म्हणाले. कॅलथ्रॉपने इंजिनापासून वाघिणीपर्यंत कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीमधल्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही. म्हणून दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचे बारके रूळ पुरले, लाईन स्वस्तात झाली आणि बार्शीची पेठ फुलली. कापूस, ज्वारी, तूर जायची ती याच रुळांवरून. एकादशी पंढरपुरात आणि द्वादशी बार्शीच्या भगवंताला, अशी वारकऱ्यांची रीत. त्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. सर दारात उभे, एक हात दांडीला आणि दुसऱ्या हातात आमच्या वह्यांचा गठ्ठा.

आज मी पुलांची कामं घेतो. हाताखाली साठ माणसं आहेत. नव्या पोरांना आसावरचा भार समजावताना मी अजूनही सहा जणांना फळीखाली उभं करतो. पोरं फोटो काढतात.

2008 च्या आसपास लातूरपर्यंत ब्रॉडगेज झालं. चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. 762 च्या जागी 1676 मिलिमीटर आले, मुंबई-पुणे जवळ आलं. पण टांगे गेले, जयशंकर मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं गेली, कपाशीची बोंडं उडवत जाणाऱ्या गाड्या गेल्या. माझ्याकडे उरलं काय? पुठ्ठ्याचं एक तिकीटसुद्धा नाही. ती वही घर बदलताना रद्दीत गेली, आणि ते बायकोच्या नव्हे, माझ्याच हातून. सरांना हे कधी सांगायचं धाडस झालं नाही.

शेवटची भेट 2016 ची. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली, 11 एप्रिलला. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर : तोच जुना बार्शी लाईटचा रस्ता, फक्त रूळ रुंद झालेले. मी नेमका बार्शीत होतो. ऐंशी पार केलेले सर म्हणाले, “बघायची.” थोरल्या सूनबाईंनी कानटोपी घालून दिली, एप्रिलात! स्टेशनावर रात्री खुर्ची टाकून बसलो. सरांनी माझ्या मोबाइलच्या उजेडात पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला : दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख. आणि पाच टनांच्या आसावर हेच पाणी न्यायचं तर किती आस लागले असते, त्याचा गुणाकार चालू होता तोवर गाडी आली. जमीन थरथरली. शेवटचा तांबडा दिवा लांब गेल्यावर सरांनी विचारलं,

“किती मोजलेस?”

“अकरा, सर.”

“इंजिन धरून का सोडून?”