काटेरी तार, लाल पिन आणि एक नंबरचा फॉर्म : इंग्लंडच्या खेड्यातली पायवाट मोकळी करून घेतली, त्याचा अनुभव

इंग्लंडमध्ये खेड्यात राहायला येणार असाल आणि चालायची आवड असेल तर पहिल्याच आठवड्यात ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, एक्सप्लोरर नकाशा घ्या, तो एकास पंचवीस हजारवाला. फोनवरच्या नेहमीच्या मॅपवर ह्या वाटा धड दिसत नाहीत. एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेषा असतात, आखूड डॅश म्हणजे पायवाट, लांब डॅश म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडा आणि सायकलपण चालते. ह्या रेषा लोकांच्या शेतातून, गोठ्यामागून, एखाद्या ठिकाणी तर चक्क कोणाच्या बागेतून जातात आणि तरी तिथून जायचा आपला पूर्ण हक्क असतो, हे माझ्या पचनी पडायलाच वेळ लागला. आपल्याकडे कोणाच्या बांधावर पाय ठेवला तरी लांबून 'कोण गं ती' अशी हाक येते.

गावाचं नाव लिहीत नाही, दीडशे उंबऱ्यांचं गाव आहे, लगेच कळेल सगळ्यांना. चर्चच्या मागून एक वाट निघते, गव्हाच्या शेतातून तिरकी जाते, मग झाडी, मग ओढा, त्याच्यावर लाकडी साकव, आणि पुढच्या गावाच्या पबपाशी बाहेर पडते. रविवारी सकाळी आम्ही दोघं ह्याच वाटेने जायचो. एका वसंतात गेलो तर शेताच्या टोकाला जिथे चढून उतरायची लाकडी पायरी होती, तिला इथे स्टाइल म्हणतात, ती गायब आणि तिथे काटेरी तारेचे दोन पदर, निळ्या प्लास्टिकच्या सुतळीने खांबाला करकचून बांधलेले. कोणीतरी आधी येऊन गेलं असणार, कारण वरच्या तारेवर बागेतल्या पाइपचा एक तुकडा चिरून बसवला होता, पाय टाकताना काटे लागू नयेत म्हणून. खांबावर आयव्हीची वेल चढलेली आणि तिच्याखाली अर्धा झाकलेला पिवळा बाण. पिवळा म्हणजे पायवाट, ब्रायडलवेचा निळा असतो.

आता ह्या प्रकरणातलं जे सोपं होतं ते दोन ओळींत सांगते. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काऊंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कौन्सिलला, आपल्या हद्दीतल्या सगळ्या हक्काच्या वाटांचा एक अधिकृत नकाशा करावा लागला, त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात, आणि वाट त्याच्यावर असली की विषय संपला, शेतकरी काहीही म्हणो. प्रत्येक वाटेला नंबर असतो. आमच्या कौन्सिलने तो नकाशा ऑनलाइन ठेवलाय, नंबर लगेच मिळाला. झालं.

इथून पुढे माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

कौन्सिलच्या साइटवर 'वाटेवरची अडचण कळवा' असा फॉर्म आहे. त्यात नकाशावर पिन टाकायची, मग यादीतून अडचण निवडायची. यादीत वाढलेली झुडपं आहेत, मोडलेली पाटी आहे, चिखल आहे, कुत्र्याची घाण आहे, पण कोणी तार ठोकलीय असा पर्यायच नाही! 'इतर' निवडलं. सगळं लिहून फोटो चढवायला गेले तर फोटो मोठा आहे म्हणे, तो लहान करून येईपर्यंत पान टाइमआउट, सगळं परत. शेवटी एकदाचं गेलं, रेफरन्स नंबर आला, नकाशावर माझी लाल पिन उमटली, स्टेटस 'तपास चालू'. मला कोण आनंद. मग आठवडे गेले, गहू गुडघ्यापर्यंत आला, पिन लालच. आणि एक दिवस आपोआप स्टेटस बदललं, 'बंद'. कारण काहीच नाही. तारेपाशी जाऊन बघितलं तर तार जागच्या जागी.

बरं, बंद झाली तर नवीन तक्रार टाकू म्हटलं, तर साइट म्हणते ह्या जागी आधीच तक्रार नोंदवलेली आहे, तीच बघा. ती उघडली तर ती बंद. म्हणजे जुनी चालत नाही आणि नवी घेत नाही. पिन थोडी बाजूला शेतात टाकून बघितली तर ही जागा कुठल्याही हक्काच्या वाटेवर नाही म्हणून नाकारली. फोन केला. वाट बघताना कानात तेच ते पियानो, मध्येच 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग एक बाई आल्या, बोलायला इतक्या गोड की रागवताही येईना, पण त्यांना फक्त तिकीट काढता येतं, वाटांच्या टीमला फोनच नाही, ईमेल आहे. ईमेल केला तर आपोआप उत्तर आलं की तक्रारी खूप आहेत, तीव्रतेप्रमाणे क्रम लावतो, कृपया पुन्हा ईमेल करू नका, केल्यास तुमचा नंबर मागे जाईल. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला गेले, आणि काय भांडी घासलीत त्या दिवशी.

आमच्या बाबांनी गावाकडे पाणंद मोकळी व्हावी म्हणून तहसील कचेरीत घातलेल्या फेऱ्या मी लहानपणी बघितल्यात. गावनकाशावर तीही तुटक रेषाच, आणि शेजाऱ्याने तिच्यावर ऊस लावलेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे तिथलंच असं मला वाटायचं. बाबांना व्हिडिओ कॉलवर तार दाखवली तर ते खो खो हसले, म्हणाले, "तिकडेपण हेच? मग अर्ज दे, तोंडी बोलू नको, पोच घे." आणि गंमत म्हणजे इथेही शेवटी तेच कामी आलं.

झालं असं की पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं पण पैसे आणि अधिकार त्याहून कमी, एक आजोबा वाटांचे वॉर्डन आहेत. हौशीने करतात, पगार नाही. खिशात झाडं कापायची कात्री घेऊनच फिरतात. त्यांना गाठलं तर म्हणाले, "ऑनलाइन फॉर्म सोड, एकशे तीस ए ची नोटीस दे." १९८० चा हायवेज ॲक्ट, त्यात २००० च्या कायद्याने हे कलम घातलं. वाटेवर कोणी काही उभारून ती अडवली असेल तर कोणीही नागरिक ठरावीक नमुन्यात, फॉर्म नंबर १ मध्ये, हायवे ऑथॉरिटीला म्हणजे आपल्या काऊंटीला नोटीस देऊ शकतो. त्यांना एक महिन्यात उत्तर द्यावंच लागतं, की आम्ही काय करणार, आणि ज्याने अडवलंय त्यालाही कळवावं लागतं. दोन महिन्यांत वाट मोकळी झाली नाही तर आपण मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकतो. वाटांचं रक्षण करणं हे तसंही त्याच कायद्याच्या १३० कलमाने काऊंटीचं कामच आहे, उपकार नाहीत. हे साइटवर कुठेही लिहिलेलं नाही, का ते तुम्हीच समजा.

फॉर्म साधा आहे. वाटेचा नंबर, ग्रिड रेफरन्स (नकाशावरची नेमकी जागा सांगणारा नंबर, ऑर्डनन्स सर्व्हेच्या ॲपमध्ये बोट ठेवलं की मिळतो), अडथळा काय आहे, कोणाचा आहे ते माहीत असेल तर. मी फोटो जोडले, आयव्हीखालचा पिवळा बाण नीट दिसेल असे, आणि सही घेऊन पोचणाऱ्या पोस्टाने पाठवलं. आणखी एक ओळ आजोबांनी घालायला लावली. वाटेवर नवीन फाटक किंवा स्टाइल घालायची तर शेतकऱ्याला कौन्सिलची परवानगी लागते आणि ती जनावरं अडवायची असतील तरच मिळते. ह्या शेतात गहू! गहू कुठे पळून जाणार होता?

महिना भरायच्या आत जाडजूड पाकीट आलं. तीच टीम जिला फोन नव्हता, तिने सही केलेलं पत्र, खाली नाव, डायरेक्ट नंबर. आणि त्यानंतर एका शनिवारी गेलो तर तार गायब, तिथे नवंकोरं किसिंग गेट, ते अर्धगोल कुंपणातलं झुलणारं फाटक, लाकडाचा वास येत होता अजून. मी त्यातून उगाचच तीनचारदा आतबाहेर केलं. नवरा म्हणाला चल आता, पब बंद होईल. शेतकरी ट्रॅक्टरवरून गेला, हात केला, 'लव्हली मॉर्निंग' म्हणाला. मीही म्हणाले. तारेबद्दल ना तो बोलला ना मी.

आठवेल तसं लिहितेय, तर अजून थोडं. हा फॉर्म उभारलेल्या किंवा टाकलेल्या वस्तूंसाठी आहे, चिखल किंवा पिकासाठी वापरू नका. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो, पण पहिल्यांदा नांगरल्यावर १४ दिवसांत आणि त्याच पिकासाठी परत माती हलवली तर २४ तासांत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. बांधाच्या कडेची वाट मात्र नांगरायचीच नाही, ती दीड मीटर. म्हणून नांगरट दिसली की त्याच दिवशी तारखेसकट फोटो काढून ठेवा. काठी घेऊन जा, जुलैमध्ये खाजकुइलीची बहीण शोभेल अशी नेटल नावाची वनस्पती कमरेएवढी वाढते, हाफ पँट घालू नका. स्टाइल मोडकी असेल तर ती दुरुस्त करणं जमीनमालकाचं काम आणि कौन्सिलने खर्चाचा किमान चौथा हिस्सा द्यायचा असतो, हे मालकाला माहीत नसतं बऱ्याचदा, सांगितलं की खुलतो.

आणि गायींसोबत वासरं असतील तर मधून जाऊ नका, कडेकडेने लांबून जा. कुत्रा बरोबर असेल आणि गायी अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्या, कुत्रा पळून जातो, त्याला धरून ठेवलं तर आपण सापडतो.