तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यांचं असंच असतं का?

"ह्येंचा असाच असता मां?" गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की हा प्रश्न ठरलेला. एरवी मासे घेऊन येणारी विचारते, आणि एकदा तर विजेचा मीटर बघायला आलेल्या मुलानेही विचारलं. दादा भर दुपारी पडवीत पेंगत असतो, नाहीतर मागून हाक मारली तरी वळत नाही, नाहीतर सगळे गप्पा मारत असताना हा आपला गप्प. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, चाळिशी उलटली आहे आणि आई गेल्यापासून तो आमच्याकडे, वेंगुर्ल्याजवळ असतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हे उत्तर पायरीवर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

काही गोष्टी असतातच. पण पुष्कळशा गोष्टी साधे आजार असतात, त्यांच्यावर औषध असतं, आणि 'ह्यांचं असंच' म्हटलं की ते औषध राहून जातं.

जन्मासोबत येतं ते आधी. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. 21व्या क्रमांकाची दोन असायची तिथे तीन झाली की डाऊन सिंड्रोम. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टराने 1866 साली त्याचं वर्णन केलं, कारण सापडायला 1959 उजाडलं. शंभरातल्या साधारण 95 जणांत हे बीजपेशी तयार होतानाच घडून जातं, त्यात कुणाचा हात नसतो. तरी आमच्या आईला शेवटपर्यंत कुणी ना कुणी विचारायचंच, ग्रहणात विळी धरली होतीस काय? आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे खरं. पण दादाच्या वेळी आई पंचविशीचीही नव्हती. आणि मुळात तरुण बायकांना मुलं जास्त होतात, त्यामुळे अशी बरीच बाळं त्यांच्याच पोटी येतात.

स्नायू सैल असतात, म्हणून मान धरणं, बसणं, चालणं सगळं उशिरा. साधारण दोन वर्षांचं झालं की मूल चालतं, काही तीन-चारपर्यंतही घेतात. तोंडाची पोकळी लहान आणि जिभेचे स्नायू ढिले, म्हणून उच्चार अडखळतात. कळतं मात्र बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त. घरात कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे दादाला आमच्याआधी कळतं.

शिकण्याचीही एक तऱ्हा आहे. कानावर पडलेलं लांबलचक वाक्य डोक्यात टिकत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं टिकतं. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले की आमसुलांचं निम्मं काम त्याच्याकडे असतं. आईने त्याला कधी तोंडी सांगितलं नाही, शेजारी बसवून करून दाखवलं. रातांबा फोडायचा, बिया आणि गर एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. मग मीठ, मग सालं रसात बुडवून उन्हात, वाळली की परत रसात. किती पुटं झाली हे मी विसरते, तो विसरत नाही, कारण प्रत्येक पुटाला तो सुपाच्या कडेला एक बी ठेवतो. ही युक्ती त्याची स्वतःची.

आता त्या हाकेचं. वळत नाही म्हणून गावाने त्याला हट्टी ठरवून टाकलं होतं. डाऊन असलेल्यांत कानाची नळी अरुंद असते, मळ साठतो, लहानपणी पडद्यामागे पाणी धरतं, आणि वयामुळे येणारा बहिरेपणाही लवकर येतो. चारातल्या तिघांना कमी-जास्त ऐकू न येण्याचा त्रास होतो. कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, मग तपासणी केली, आणि उजव्या कानाला मशीन लागलं. हट्ट त्याच आठवड्यात संपला. (समुद्राच्या खाऱ्या हवेत हे मशीन पावसाळ्यात नक्की बिघडतं. रात्री बॅटरी काढून, ओलावा शोषणारी पुडी टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवावं लागतं.)

पेंगण्याचं मूळ वेगळं निघालं. एका वर्षी त्याने आमसुलांना हात लावला नाही. वजन वाढलं, कातडी कोरडी पडली, पोट साफ होईना, दिवसभर झोप. लोक म्हणाले, वय झालं त्याचं, आणि आई गेली ना. आई गेल्याचं दुःख होतंच, नाही कसं म्हणू? पण आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली आणि टीएसएच भलताच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईडची ग्रंथी कमी काम करत होती. शेजारचे काका हसले, समुद्राकाठी मासे खाणाऱ्याला कसला थायरॉईड! ते आयोडीनच्या कमतरतेबद्दल बोलत होते. डाऊनमध्ये बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते, तिथे बांगड्याचा उपयोग नाही. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग अर्ध्या तासाने चहा. पुढच्या मोसमात तो सूप घेऊन उन्हात बसला. बाळ जन्मल्यावर, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि नंतर दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी.

घोरण्यावर माजघरात दरवर्षी विनोद होतात. तोही विनोदाचा विषय नाही. निम्म्याहून अधिक जणांचा झोपेत श्वास अडतो, रात्रीची झोप लागत नाही आणि दिवस पेंगण्यात जातो. कुणी मांडी घालून पुढे वाकून झोपत असेल तर लक्ष द्या, श्वास मोकळा करायला शरीर असं वळतं.

घरात असं बाळ आलं असेल तर पहिल्या महिन्यातच हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफीसारखी तपासणी, करून घ्या, डॉक्टरला छातीत वेगळा आवाज आला नाही तरी. जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि बहुतेक दोषांवर शस्त्रक्रिया करता येते. 1983 साली अमेरिकेत डाऊन असलेल्यांचं सरासरी आयुर्मान 25 वर्षं होतं, आता ते साठीच्या आसपास आहे. त्यात या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा. आणि शिमग्यात पोरं लाडाने खांद्यावर घेऊन उडवतात ते नको. काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. चाल बदलली, मान वाकडी झाली, लघवीवरचा ताबा गेला, तर तडक डॉक्टर.

मला भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. मेंदूत साचून अल्झायमरला हातभार लावणारं प्रथिन ज्या जनुकापासून बनतं, ते 21व्या गुणसूत्रावरच आहे. तिसरी प्रत असल्याने विसरण्याचा आजार यांना पन्नाशीच्या आसपासच गाठू शकतो. दादा चष्मा कुठे ठेवला ते विसरला की माझ्या पोटात गोळा येतो. पण तो शिक्का मारण्याआधी थायरॉईड, कान, मोतीबिंदू, बी12 आणि मनाची उदासी, सगळं तपासायचं असतं, कारण यातलं काहीही विसराळूपणासारखं दिसतं. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मी दर मे महिन्यात त्याचं आमसुलांचं काम मोबाइलवर टिपून ठेवते. पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला काहीतरी हातात असेल. यंदाचं आणि गेल्या वर्षीचं लावून पाहिलं. फरक एकच, यंदा तो माझ्यावर ओरडतोय, मध्ये येऊ नको म्हणून.

आणि पुढच्या वेळी त्याच्याबद्दल काही विचारायचं झालं तर त्यालाच विचारा. उजव्या बाजूला बसा, सावकाश बोला, उत्तर यायला वेळ द्या. बहुतेक ते क्रिकेटबद्दल असेल.