जो शर्ट तो काढून टाकत नाही

गेल्या मंगळवारी तासगावहून एक आजी ब्लाऊज टाकायला आल्या. माप घेऊन झालं, तारीख दिली, तरी उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "नातवाला स्वमग्नता हाय म्हणालेत डॉक्टर. तीन वर्साचा हाय. तुमचा पण तसाच हाय न्हवं? तुमी काय काय करता, सांगा की."

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. माझा मुलगा तेव्हा आतल्या खोलीत दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावत बसला होता. घरात आम्ही त्याला सोन्या म्हणतो, इथंही तेच म्हणते. येत्या दिवाळीत अठरा पूर्ण होतील. आजींना एस.टी. गाठायची होती, त्यामुळे दहा मिनिटांत सुचेल ते सांगितलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवत गेलं की हे राहिलं, ते राहिलं. म्हणून लिहायला बसले.

सुरुवात शर्टापासूनच करते, कारण मला पहिल्यांदा काही कळलं ते शर्टामुळे. सोन्या अडीच-तीन वर्षांचा असताना अंगावर कपडा ठेवायचा नाही. घातला की ओढून काढायचा, बटणं तुटायची, रडून रडून घसा बसायचा. लोक म्हणायचे हट्टी आहे, लाडावलाय. मीही एकदा मारलं. ते आठवलं की आजही पोटात कालवतं. एक दिवस आंघोळीनंतर अंग पुसताना त्याच्या मानेमागं बोटभर लाल ओरखडा दिसला. विकतच्या शर्टाचं लेबल येतं, बरोबर तिथं. मी शर्ट उलटा केला आणि लेबलावरून बोट फिरवलं. नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेलं, कडा कडक, कोपरा करवतीसारखा. सहा वर्षं मशीनवर बसत होते, पण ती कड माझ्या बोटाला कधी जाणवली नव्हती. ब्लेडनं टाके काढले, लेबल फेकलं. त्या दिवशी शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावर राहिला.

तेव्हापासून त्याचा प्रत्येक कपडा मी आधी उलटा करून बघते. ओव्हरलॉकचा दोरा त्याला टोचतो, म्हणून शिवणीच्या कडा आत दडपून सुती दोऱ्यानं दुहेरी टीप घालते. बनियनची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवते. इलास्टिकऐवजी मऊ नाडी. नवं कापड पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय शिवत नाही. शाळेचा गणवेश टेरीकॉटचा असायचा, त्याला आतून सासूबाईंच्या धुवट सुती लुगड्याचं अस्तर लावून दिलं. बाहेरून गणवेश, आतून आजीचं लुगडं. काखेत काचणारा ब्लाऊज परत आला की आम्ही ब्लाऊज उसवतो, बाईला नाही. सोन्याच्या बाबतीत मात्र मी कितीतरी दिवस मुलालाच उसवत बसले होते.

झोपेचंही असंच झालं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरभर फिरायचा. सासूबाईंची एक जुनी गोधडी होती, सात-आठ लुगड्यांची, उचलताना दोन हात लागायचे. थंडीत एकदा ती अंगावर घातली आणि हा गप्प पडून राहिला. सासूबाई म्हणाल्या, "वजन पायजे त्याला, आईच्या हातासारकं." पुढं ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की अंगावर असा सारखा दाब मिळाला की काही मुलांना शांत वाटतं. पण एक बजावलं. थेरपिस्टना विचारल्याशिवाय लहान मुलाला जड पांघरूण घालायचं नाही, तोंडावर कधीच येऊ द्यायचं नाही, आणि मुलाला ते स्वतःच्या हातानं बाजूला सारता आलं पाहिजे. आजींना हे सांगायचं राहून गेलं, ते या वेळी सांगणार आहे.

आता भिंतीवरच्या पट्टीबद्दल. सोन्याला पुढं काय होणार हे कळलं नाही की तो सैरभैर होतो. तोंडी सांगितलेलं हवेत विरून जातं, डोळ्यांसमोर दिसलेलं टिकतं. थेरपिस्टबाईंनी दिवसाच्या कामांची चित्रं लावायला सांगितली. बाजारातून छापील चित्रं आणली, त्यांचा उपयोग झाला नाही. त्यातली बादली लाल होती, आमची निळी आहे. मग आमच्या यांनी घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले: आमची बादली, त्याचं ताट, शाळेची रिक्षा, माझं मशीन. ते कापडाच्या पट्टीवर लावायला मी आधी वेल्क्रो वापरला, पण तो ओढताना चर्रकन जो आवाज येतो त्यानं सोन्या कान झाकून पळायचा. शेवटी टिचबटणं लावली. काम झालं की तो फोटो काढून खालच्या खिशात टाकतो, आणि बटणाचा तो बारीकसा टिच आवाज त्याला आवडतो. पट्टीवर सातच्या वर फोटो लावत नाही. एक जागा प्रश्नचिन्हाची ठेवली आहे, म्हणजे काहीतरी बदलणार आहे एवढं त्याला आधी कळतं. दसऱ्याला पाहुणे, लाईट जाणं, रिक्षावाल्या काकांची सुट्टी, हे सगळं त्या प्रश्नचिन्हातून येतं.

या पट्टीची किंमत मला २०१९ च्या पुरात कळली. आम्ही सांगलीत, गावभागात राहतो. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं, रात्रीतून निघावं लागलं, मिरजेला बहिणीकडं गेलो. कागदपत्रं घेतली, गोळ्या घेतल्या, पट्टी भिंतीवरच राहिली. सोन्या दहा वर्षांचा होता. परकं घर, तीन कुटुंबं एका छताखाली, सारखा वाजणारा टीव्ही. तीन रात्री तो झोपला नाही. स्वतःच्या मनगटाला चावायचा. "घरी? घरी? घरी?" एवढंच विचारायचा, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण ते कुणाकडंच नव्हतं. "पाणी उतरलं की जाऊ" म्हणायचे, पण पाणी उतरतं म्हणजे काय, हे त्यानं कुठं बघायचं?

चौथ्या दिवशी बहिणीच्या मुलाच्या वहीतून चार पानं फाडली, एकाखाली एक चिकटवली आणि शिडी काढली. एक पायरी म्हणजे एक फूट. सांगलीत सगळे आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ च्या पायरीवर लाल रेघ मारली, ४० वर पिवळी, आणि त्याच्या बरंच खाली आमच्या घराचा दरवाजा काढला. रोज सकाळी आकडा आला की तेवढ्या पायऱ्या निळ्या पेन्सिलीनं रंगवायच्या. पहिल्या दिवशी त्यानं कागद भिरकावला. दुसऱ्या दिवशी स्वतः पेन्सिल मागितली. पाणी इंच-इंच उतरत होतं, पण शिडीवर ते दिसत होतं. "घरी?" विचारलं की मी बोट ठेवायची, तो पायऱ्या मोजायचा आणि परत येऊन बसायचा. त्या रात्री तो चार तास झोपला, आणि मी त्याच्या शेजारी बसून रडून घेतलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा पिशवीत सगळ्यात आधी पट्टी गेली, मग गोधडी, मग कागदपत्रं. पूर येणाऱ्या गावात असं मूल असेल तर ही पिशवी जूनमध्येच भरून ठेवा. त्यात मुलाचा फोटो, घरचे फोन नंबर आणि एका कागदावर दोन ओळी: हा काय खातो, कशानं घाबरतो, कसं बोलल्यावर ऐकतो. मदतीला आलेल्या माणसाला तेवढं वाचायला अर्धं मिनिट लागतं.

बोलण्याविषयी आजींनी मुद्दाम विचारलं होतं. सोन्याचे शब्द आजही मोजकेच आहेत. फोनवर चित्रं दाबून बोलायची ॲप असतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' आहे, ते फुकट मिळतं, मराठीतही बोलतं. मी दोन वर्षं ते लावलं नाही. वाटायचं, चित्रांची सवय लागली तर तोंडानं बोलणारच नाही. ही भीती खोटी आहे. अशा साधनांनी बोलणं थांबत नाही, उलट बऱ्याच मुलांना आधार मिळतो. माझी ती दोन वर्षं वाया गेली, तुमची घालवू नका. आणि फोन हातात दिला की मूल लगेच बोलेल असं नाही. आधी आपण दाबून दाखवायचं, "पाणी", "अजून", "नको", दिवसातून पन्नास वेळा, महिनोन् महिने. एके सकाळी मी मिक्सरला चटणी लावली होती. सोन्या आला, माझा हात बाजूला केला आणि दाबलं: "नको." इतकी वर्षं त्या आवाजाला तो डोकं आपटायचा. आता चटणी मी तो शाळेत गेल्यावर वाटते.

केस कापणं हा आमच्याकडं सहा महिन्यांचा कार्यक्रम झाला होता. गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी स्वतःहून सांगितलं, "सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा आणा." पहिले तीन सोमवार नुसतं खुर्चीवर बसून परत. मग फक्त कापड गळ्यात. मशीन अजिबात नाही, कात्रीच, आणि काका मोठ्यानं वीसपर्यंत मोजायचे. वीसला कात्री खाली, म्हणजे खालीच. अर्धे केस राहिले तरी त्यांनी एकविसावा आकडा कधी म्हटला नाही. म्हणून सोन्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. आता तो शंभरपर्यंत बसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. तपासणीत ४० मुद्द्यांची एक भारतीय चाचणी करतात, प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. परक्या खोलीत मूल घरच्यासारखं वागत नाही, म्हणून घरातले लहान-लहान व्हिडिओ आणि तारखेसह लिहिलेली वही सोबत न्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची आहे आणि तिच्यात थेरपीचाही खर्च बसतो. घरात कुणी जुन्या पद्धतीनं आयकर भरत असेल तर दिव्यांग मुलासाठीची करसवलत (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) बघायला सांगा. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो.

शाळेबद्दल एक गोष्ट मनात सलते. एका शाळेनं "इतर पालकांची तक्रार आहे" म्हणून सोन्याला पहिलीतूनच काढायला सांगितलं, आणि आम्ही मान खाली घालून दाखला घेतला. आजच्या कायद्यात ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. तुम्ही मान खाली घालू नका. नकार लेखी मागा.

आणि "पूर्ण बरं करतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. आम्हाला एका मोठ्या शहरात स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचायच्या उपचारासाठी काही लाख सांगितले होते. यांनी गावाकडची अर्धा एकर जमीन विकायची तयारीसुद्धा केली होती. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्ये सांगितलं. ती जमीन वाचली, आज तिच्यात हळद आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर कायद्यानं सोन्या सज्ञान. त्याच्या बँकेच्या आणि दवाखान्याच्या कागदावर आमची सही आपोआप चालणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडं पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. अर्ज भरून ठेवला आहे. पण एक पक्कं ठरवलंय, त्या दिवशी फोन त्याच्या हातात असेल. त्याच्याविषयीची गोष्ट ठरताना त्याला "हो" किंवा "नको" दाबता आलं पाहिजे. कारण त्याला काय येतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. साडीला फॉल लावायला जुळणारा दोरा मी ट्यूबलाईटखाली चार वेळा धरून बघते. तो एकदाच बघतो, साठ-सत्तर रिळांतून एक उचलतो आणि माझ्या मशीनवर ठेवतो. जांभळ्याच्या पाच छटा आहेत माझ्याकडं. अजून एकदाही चुकलेला नाही.

राहता राहिली मी. आईबापांना काय लागतं, हे फार कुणी विचारत नाही. मला लागत होते दोन तास. सासूबाई होत्या तोवर त्या सोन्याला सांभाळायच्या. त्या गेल्यावर शेजारच्या काकू बुधवारी दुपारी येऊन बसायला लागल्या. काही शिकवत नाहीत, रिळांजवळ बसून शेंगा सोलतात. त्या दोन तासांत मी झोपते. नातेवाईक फोनवर "काही फरक पडला का" विचारतात, त्यापेक्षा "गुरुवारी मी थांबते, तू झोप" म्हणाले तर किती बरं होईल. तासगावच्या त्या आजींच्या सुनेलाही हेच हवं असणार. आजी तिच्यासाठी ते करू शकतात, हे त्यांना समोर बसवून सांगायचं आहे.

आजी गुरुवारी ब्लाऊज न्यायला येतील. नातवासाठी दोन शर्ट शिवून देते म्हटलंय, पैसे घेणार नाही. नवं कापड आणू नका, माप पण नको, असं फोनवर सांगितलं. घरात कितीही फाटका असू दे, जो शर्ट तो काढून टाकत नाही, तेवढा घेऊन या. मी त्यावरून बेतते.