धादिंगमध्ये चर्च बांधायला: पुण्याहून जाणाऱ्या पुढच्या चमूसाठी

नोव्हेंबरमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही ११ जण नेपाळला जाऊन आलो. धादिंग जिल्ह्यातल्या एका लहानशा मंडळीचं चर्च उभं राहतंय, तिथे बिगारी म्हणून १० दिवस काम केलं. येण्याजाण्यासकट १६ दिवस गेले. परतल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतंय, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

आमचं नातं जुळलं ते इथेच, पुण्यात. शहरात हॉटेलांत, वॉचमनच्या चौक्यांत काम करणारे नेपाळी भाऊ दर शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये उपासनेला जमतात. त्यांच्यातल्या एकाचं हे गाव. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला तो शनिवार होता, वेळ दुपारी बाराला चार मिनिटं कमी. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारचीच. त्या वेळी गावची मंडळी चर्चमध्ये बसली होती. माती-दगडाची भिंत आत कोसळली. त्यानंतर इतकी वर्षं ते पत्र्याच्या शेडमध्ये जमत होते. आधी घरं उभी करायची होती, मग जागेचे कागद, मग पैसे.

जाण्याआधी माझ्या मनात एक प्रश्न होता, तो तुमच्याही मनात येईल. आम्हाला प्रत्येकी साधारण १२,००० रुपये खर्च आला. तेच पैसे पाठवले असते तर सिमेंट आलं नसतं का? मी फोनवर तिथल्या पाळकांना हे सरळ विचारलं. ते म्हणाले, सिमेंटचं जमलंय, माणसं नाहीत. गावातले तरुण आखातात आणि मलेशियात आहेत, आणि कार्तिक-मंसिरात, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, उरलेले हात भातकापणीला लागतात. हे ऐकलं तेव्हाच तिकिटं काढली. तुम्हीही हा प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका. तिथे मजूर मिळत असतील आणि आपण फुकट राबून त्यांची रोजी घालवणार असू, तर पैसेच पाठवावेत.

पैशांचंही सांगतो. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून परदेशातल्या कामावर खर्च करू नका. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च, खास मंजुरी नसेल तर, आयकराच्या सवलतीत धरला जात नाही. आमच्या सीएंनी वेळीच थांबवलं. प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खिशातून केला.

प्रवास असा. पुण्याहून गोरखपूरला थेट गाडी आहे, पण ठरावीक वारीच सुटते, त्यामुळे तारखा गाडी बघून ठरवा. दीड दिवस लागतो. गोरखपूरहून सीमेवरचं सुनौली साधारण १०० किलोमीटर. सीमा पायी ओलांडता येते आणि भारतीयांना व्हिसा लागत नाही. तरी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र प्रत्येकाकडे असू द्या. नुसत्या आधारवर विसंबू नका, विमानाने जाणार असाल तर मुळीच नाही. पलीकडे घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. भैरहवाहून बुटवल, नारायणगढ, मुग्लिंग, मलेखू आणि मग धादिंगबेसी. नकाशावर अंतर कमी दिसतं, पण बुटवल ते नारायणगढ रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि दाउन्नेच्या घाटात इतकी धूळ की समोरची गाडी दिसेना. सकाळी ८ ला निघालो ते रात्री ९ ला पोचलो. मास्क हवाच. मलेखूला त्रिशूलीतले तळलेले मासे मिळतात, तिथे थांबा. पुढे जीपने तीन तासांचा कच्चा रस्ता. पावसाळ्यात हा रस्ता दरडींनी बंद पडतो, दसरा-तिहारात (तिहार म्हणजे तिथली दिवाळी) गवंडी आपापल्या घरी जातात. म्हणून तिहार संपल्यावरच जायचं.

भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर बांधलेला आहे. १०० च्या नोटा भरपूर न्या. त्याहून मोठ्या नोटांचे नियम तिथे बदलत आले आहेत, आणि गावातला दुकानदार त्या घेत नाही. शहरात क्यूआरवर आपलं यूपीआय पुष्कळ ठिकाणी चालतं, गावात रोखच लागते.

आता कामाचं. मी २० वर्षं पुण्यात साइटवर सुपरवायझर आहे, त्यामुळे आपल्याला काम येतं हे मी धरूनच गेलो होतो. पहिल्या दिवशी तिथल्या मिस्त्रींनी मला रिंगा, म्हणजे सळयांना बाहेरून बांधून ठेवणाऱ्या कड्या, वळायला बसवलं. सळईला तिथे डन्डी म्हणतात आणि रिंगेला चुरी. मी आणि दोन तरुणांनी दुपारपर्यंत दीडशे रिंगा वळल्या. मिस्त्री आले, त्यांनी एक रिंग उचलली, टोकावर अंगठा ठेवला आणि मान हलवली. मी टोकं काटकोनात वळवली होती. त्यांना ती १३५ अंशांत, म्हणजे पार आत, रिंगेच्या पोटाकडे हवी होती. भूकंपात वरचं काँक्रीट सुटून पडतं, तेव्हा काटकोनातला हुक उघडतो, रिंग सैल होते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आत वळवलेला हुक पोटातल्या काँक्रीटमध्ये रुतून बसतो. नियम आपल्याकडेही हाच आहे. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, पण घाईत किती ठिकाणी टोकं काटकोनातच सोडली जातात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तीच सवय हाताला लागली होती. दीडशेच्या दीडशे रिंगा पुन्हा वळल्या. मिस्त्री एक शब्दही वाकडा बोलले नाहीत, शेजारी बसून स्वतः वळत राहिले.

त्या दुपारनंतर आम्ही एक गोष्ट पाळली: मिस्त्री ते, बिगारी आपण. तुम्हीही हे पाळा. तुमच्यात इंजिनिअर असला तरी. २०१५ नंतर त्या लोकांनी भूकंपात टिकणारं बांधकाम शिकून घेतलंय. भिंत दगडाचीच, पण सिमेंटच्या मालात. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, म्हणजे दोन तोंडं सुटी होत नाहीत. जोत्यावर, खिडकीखाली आणि खिडकीवर असे काँक्रीटचे तीन आडवे पट्टे, सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखे बांधणारे. कोपऱ्यांत उभ्या सळया. छपराखालचा त्रिकोणी भाग दगडाचा करायचाच नाही, तो पत्र्याचा, हलका.

आमच्यातले सगळ्यात वडीलधारे काका उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते २२ वर्षांचे होते. घरातली तीन माणसं गेली. ते याबद्दल कधी बोलत नाहीत. जुन्या चर्चचे दगड तिथे ढीग करून ठेवले होते, तेच नव्या भिंतीत जाणार होते. तारेच्या ब्रशने त्यांची माती काढायची, हे काम काकांनी आणि आमच्या महिला मंडळाच्या बहिणींनी घेतलं. काही दगडांच्या एका बाजूला निळा रंग अजून होता, चर्चच्या आतल्या भिंतीचा. काकांच्या हातात तसा एक दगड होता तेव्हा तिथल्या एक आजी येऊन शेजारी बसल्या. काका हिंदीत एवढंच म्हणाले, ‘हमारे यहाँ भी मिट्टी में पत्थर थे.’ आजींनी दगडाच्या निळ्या बाजूवरून हात फिरवला. मग दोघंही बराच वेळ दगड घासत राहिले. तो दगड मिस्त्रींनी निळी बाजू आत येईल असा बसवला.

पाणी मारणं हे तिथलं सगळ्यात कष्टाचं काम. झरा खाली, चर्च वर. सकाळ-संध्याकाळ कॅनने पाणी वाहायचं. थंडीत काँक्रीटला ताकद यायला वेळ लागतो, म्हणून पट्ट्यांवर भाताचा पेंढा पसरून तो ओला ठेवत होतो. गुडघे दुखत असतील तर हे काम अंगावर घेऊ नका, दगड घासायला बसा.

सोबत न्यायचं: रबराचे नव्हे तर चामड्याचे हातमोजे प्रत्येकी दोन जोड, घोटा झाकणारे बूट, जाड स्वेटर, कानटोपी, बॅटरी, आपली नेहमीची औषधं. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घ्या. आमच्या एका भावाच्या तळव्यात खिळा गेला आणि जवळचं आरोग्य केंद्र दोन तासांवर होतं.

उपासनेला चपला बाहेर, जमिनीवर मांडी घालून, पुरुष एका बाजूला आणि बाया दुसऱ्या. भेटताना ‘जयमसीह’ म्हणतात. हिंदी बहुतेकांना कळते. जेवण दोन वेळा डाळ-भात, साधारण १० ला आणि संध्याकाळी ७ ला. सकाळच्या नाश्त्याची सवय असेल तर चिवडा न्या, पण सगळ्यांना पुरेल एवढा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. नेपाळच्या राज्यघटनेत आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. पत्रकं नेऊ नका, वाटेत कोणाला वचनं सांगत बसू नका, मुलांना गोळ्या-खेळणी वाटू नका. आपण थोड्या दिवसांनी परत येतो, चौकशीला सामोरं जावं लागतं ते तिथल्या पाळकांना. याच कारणाने मी गावाचं नाव लिहिलेलं नाही, आणि तुम्हीही तिथल्या लोकांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नका.

आम्ही निघालो तेव्हा खिडकीवरचा पट्टा भरून झाला होता. वरची थोडी भिंत आणि पत्रे बाकी आहेत. फाल्गुनात दुसरा चमू जाईल, आठ जणांची जागा आहे. उंचीवर काम आहे, तेव्हा चक्कर येणाऱ्यांनी नाव देऊ नये. काकांनी आपला पितळी ओळंबा मिस्त्रींना दिलाय. सामान आवरताना तो आपला समजून कोणी पिशवीत भरू नका, तो तिथेच राहायचा आहे.