चौथा माणूस

"मग इतके दिवस पैसे कशाचे घेत होते?"

एप्रिल २०२०. कोड ऑनलाइन ठेवायच्या गिटहब या साइटने आता टीमसाठीही खासगी रेपॉझिटरी (बाहेरच्यांना न दिसणारे कोडचे साठे) फुकट केल्या, माणशी ९ डॉलरचा प्लॅन ४ वर आणला, ही बातमी मी ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्युनियरने मात्र हे विचारलं. मला उत्तर सुचेना.

जानेवारी २०१९ पासून खासगी रेपॉझिटरी फुकट होती, पण सोबत तीनच जण घेता यायचे. आमच्या हौशी प्रोजेक्टमधल्या चौथ्याला मी कोड झिप करून मेल करायचो. 'फायनल_नवीन_खरंच_फायनल'. (हसू नका.) त्याचे बदल मीच हाताने घालायचो. कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, नाव माझंच लागायचं. तो कधी काही बोलला नाही.

आज त्याला इन्व्हाइट पाठवलं. अजून 'पेंडिंग' दिसतंय.